ब्रेक फेल झाले नव्हते

वर्षावासाच्या समाप्तीच्या दिवशी माझी गाडी विहारासमोरच्या उतारावरून सुटली आणि मांडवातल्या खुर्च्यांच्या थप्पीवर जाऊन आदळली, एवढे खरे आहे. तेवढे मी कधीही नाकारलेले नाही. त्यापुढे जे सांगितले जाते ते मात्र खोटे आहे. म्हाताऱ्याने घरच्या घरी मागचे ब्रेक खोलले, नीट बसवले नाहीत आणि म्हणून ब्रेक फेल झाले, अशी ती कथा. शहापूरच्या बाजारात मी ती एका परक्या माणसाच्या तोंडून ऐकली. तो म्हातारा आपल्याच शेजारी उभा राहून वांगी निवडतो आहे, याची त्या गृहस्थाला कल्पना नव्हती. मी हातातली वांगी टोपलीत परत ठेवली आणि त्याला विचारले, "ब्रेक फेल म्हणजे नेमके काय झाले?" तो म्हणाला, "फेल म्हंजे फेल." या उत्तरावर ज्यांचे समाधान होते त्यांनी पुढे वाचले नाही तरी चालेल.

हे लिहिण्याचे कारण केवळ अब्रू नव्हे. त्या दिवशी मांडवात, साऱ्या गावादेखत, माझ्या मुलाने गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात घातली आणि "आता ही गाडी विकायची" असे जाहीर केले. ज्या गाडीतून मी नोकरीची शेवटची वर्षे धरणावर गेलो, ज्या गाडीतून पत्नीला सिद्धगडाच्या पायथ्याशी तिच्या माहेरी नेत आलो, तिची किल्ली एका खोट्या वाक्याच्या जोरावर माझ्या हातून गेली. वाक्य खोटे ठरले, तर किल्ली परत मिळण्याला काही आडकाठी राहणार नव्हती. म्हणून मी त्या वाक्याच्या मागे लागलो. लोक त्याला म्हाताऱ्याचा हट्ट म्हणतात. म्हणोत.

प्रथम गाडीविषयी. ती जुनी आहे, मान्य. परंतु तिच्या चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, आणि ही गोष्ट आमच्या पंचक्रोशीत फार थोड्यांना माहीत आहे. येथे सामान्यतः पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. त्यामुळे मागच्या चाकाचे पॅड बदलले असे मी सांगितले की ऐकणारा माणूस दयेने हसतो आणि म्हणतो, "मागं लायनर असतात, पॅड पुढं." ड्रममधल्या पट्टीला येथे लायनर म्हणतात. मला हे पुष्कळ वेळा ऐकावे लागले आहे, आणि प्रत्येक वेळी मी त्या माणसाला गाडीच्या मागे वाकवून चाकाच्या फटीतून चकचकीत थाळी, म्हणजे डिस्क, दाखवली आहे. वाकून पाहिल्यावर काही जण गप्प बसले. काहींनी कंबर दुखते असे सांगितले.

पावसाळ्यात किन्हवलीच्या रस्त्यावरचा चिखल चाकांत जातो आणि सुकतो. भाद्रपद सरता सरता मागच्या डाव्या चाकातून पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज येऊ लागला. पॅडमधला घासणारा भाग संपला की आतली लोखंडी पट्टी थाळीला लागते, तेव्हा असा आवाज येतो. मुरबाडला माझ्या मेहुण्याचे गॅरेज आहे. पिकअप आणि रिक्षा यांच्यावर त्याचा हात चांगला आहे, हे मी कोणाहीपुढे कबूल करीन. त्याला मी फोन केला.

"दाजी, पॅड संपलेत. गाडी घेऊन या," तो म्हणाला.

"लोखंडावर लोखंड घासत मुरबाडपर्यंत आणू? मीच बदलतो."

"मागचे हायत, दाजी. पुढच्यासारकं सोपं नाय ते."

"काय अवघड आहे?"

"अवघड काय नाय. पिस्टन तेवडा आत जाया पाह्यजे. सी-क्लॅम्प लावायचा नि दाबायचा. नाय गेला तर आणखी दाबायचा. जोर लागतो, तुमचं वय झालंय, म्हणून म्हटलं."

हे त्याचे शब्द मी जसेच्या तसे देत आहे, कारण पुढे त्याने नेमके उलटे सांगितले. नवे पॅड जाड असतात, आणि झिजलेल्या पॅडच्या मागे धावून पिस्टन बाहेर आलेला असतो. त्याला मागे सारल्याशिवाय नवे पॅड मावत नाहीत, येथपर्यंत तो बरोबर होता. पुढच्या चाकात पिस्टन दाबला की मागे सरतो. मागच्या चाकात तसे नाही. माझ्या गाडीत हँडब्रेकची यंत्रणा त्याच पिस्टनच्या पोटात आहे, आणि ती आट्यांवर बसवलेली आहे. तो पिस्टन दाबायचा नसतो, फिरवायचा असतो. त्याच्या तोंडाला दोन खाचा असतात. खाचांत हत्यार अडकवायचे आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत, हलक्या हाताने, आत न्यायचे. सी-क्लॅम्पसारख्या शिकंज्याने जोरात दाबणाऱ्याच्या हातून आतले आटे मोडतात आणि हँडब्रेक कायमचा निकामी होतो.

मला हे कोणी शिकवावे लागले नाही. मी पाटबंधारे खात्यात होतो. धरणाचे दरवाजे वर-खाली करणाऱ्या स्क्रूंची देखभाल हे माझे काम होते, आणि पाण्याचा सारा भार अंगावर घेऊन उभा राहिलेला दरवाजा मी स्वतः चाक फिरवून उचलला आहे. ज्या वस्तूला आटे आहेत तिला धक्का मारायचा नाही, हे माझ्या हातांना माझ्याआधी कळते.

मी अंगणात सपाट जागा निवडली. चाकांचे नट गाडी उचलण्यापूर्वी सैल केले, हँडब्रेक पूर्ण सोडला, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी विटा लावल्या, मग जॅक लावला, आणि जॅकवर विसंबून न राहता खाली लाकडी ओंडका सरकवला. चाक काढल्यावर आत पाहिले. बाहेरचा पॅड निम्मा शिल्लक होता आणि आतला संपून गेला होता. पॅडना धरून ठेवणारा कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या चिखलाने धरल्या होत्या, म्हणून एकाच बाजूला सारा भार येत होता. नुसते पॅड बदलून दिले असते तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हेच झाले असते. मी पिना काढून घासल्या, ग्रीस लावले, रबरी टोप्या पुसल्या, आणि मग पिस्टनकडे वळलो. कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगून ठेवला होता, कारण तो ऑइलच्या नळीवर लोंबकळू दिला तर नळी तुटते. हेही कोणी सांगितले नव्हते.

पत्नी ओट्यावर बसून भिजवलेले वाल सोलत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "अहो, धरणाचा दरवाजा नाय तो. चहा निवला."

"फिरतो आहे," मी म्हणालो.

"कोण?"

"पिस्टन."

"मग फिरू दे त्याला, तुमी या."

मी गेलो नाही. पिस्टन पूर्ण आत गेला, त्याची खाच पॅडच्या मागच्या खुंटीसमोर आणली, नवे पॅड बसवले. उजव्या चाकाचेही असेच केले. एका बाजूचे पॅड बदलून दुसरीकडचे तसेच ठेवणारे लोक मला ठाऊक आहेत. ब्रेक ऑइलची डबी आधीच उघडून पाहिली होती. पिस्टन मागे गेला की ऑइल वर चढते आणि सांडले तर रंग खाते. शेवटी गाडी सुरू करण्यापूर्वी पेडल वारंवार दाबले. पहिल्या दाबांना ते तळापर्यंत जाते, कारण पिस्टन आणि पॅड यांच्यात जागा असते. ती भरत जाते तसे पेडल वर येते आणि पायाला नीट लागू लागते. हे दाबणे जो विसरतो त्याची गाडी पहिल्या वळणालाच समोरच्याच्या घरात जाते. "बाबा पेडल मारायला विसरले" असे माझा मुलगा सांगत होता, म्हणून हे नमूद करतो. विसरलो असतो तर मी अंगणाच्या कुंपणातच अडकलो असतो. प्रत्यक्षात मी त्यानंतर चार दिवस गाडी चालवली. किन्हवलीला गेलो, शहापूरला गेलो. गाडी थांबवायची तेथे थांबली.

आता त्या दिवसाविषयी.

पावसाळ्याचे तीन महिने आमच्या विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन चालते आणि आश्विन पौर्णिमेला त्याची समाप्ती होते. सकाळी वंदना, मग प्रवचन, मग साऱ्या गावाचे जेवण. तांदळाचे कट्टे आणि भाजी शहापूरहून आणण्याचे काम माझ्याकडे होते. सामान घेऊन आलो आणि गाडी विहारासमोरच्या उतारावर, नाक खाली करून, उभी केली, कारण तेथून टोपांपर्यंत कट्टे वाहून नेणे सोपे होते. मांडव खाली होता.

मी गाडी रिव्हर्स गिअरमध्ये ठेवली. पुढच्या चाकाखाली दगड लावला. हँडब्रेक ओढला नाही, आणि हे मी मुद्दाम केले. नवे पॅड आणि तापलेली थाळी एकमेकांवर आवळून ठेवली तर थाळीवर डाग उठतात आणि पुढे पेडल थरथरते. शिवाय आमच्याकडे पावसाळाभर उभ्या गाडीचा हँडब्रेक कोणीच ओढत नाही. तो गंजून धरतो आणि सकाळी सुटत नाही. गिअर आणि दगड, ही येथली रीत आहे, आणि ती उत्तम रीत आहे. दोन्हींपैकी एक निसटले तरी दुसरे धरून ठेवते. दोन्ही एकाच दुपारी, दोन वेगवेगळ्या माणसांकडून काढून घेतली जातील, हे गृहीत धरून जगात कोणी गाडी उभी करत नाही.

पहिले काढून घेतले माझ्या वहिनींनी. थोरल्या भावाच्या पत्नी, भाऊ गेल्यापासून शेजारच्या घरात एकट्या राहतात, आणि गावातल्या प्रत्येक मोठ्या स्वयंपाकाची चूल त्याच मांडतात. ही माहिती मला त्यांनीच दिली, तीही न विचारता, दुसऱ्या दिवशी, कुंपणावरून.

"भावजी, तो दगड तुमचा होता व्हय गाडीचा? मी चुलीला घेतला."

"चाकाखालचा?" मी विचारले.

"तिसरा दगड डुगडुगत होता गो बाई, टोप कलंडला आस्ता. इकडं तिकडं बघितलं, तर तुमच्या चाकाखाली हा कसा चपटा, झक्कास. ओढला तर आला सुटून. गाडी हलली पण नाय, म्हटलं मग हिला कशाला पाह्यजे दगड."

"गाडी गिअरमध्ये होती, म्हणून हलली नाही, वहिनी."

"तेच तर मी म्हन्ते. हलली नाय." आणि त्या हसून म्हणाल्या, "वरण पण काय झालं होतं, नाय?"

मी त्यांना दोष देत नाही. टोप कलंडला असता तर कोणीतरी भाजले असते. परंतु लोकांनी वहिनींचे हे बोलणे ऐकले आणि त्यावर ते हसले, आणि हसून झाल्यावर पुन्हा म्हणाले, "तरी पण ब्रेक फेल झालेच ना."

दुसरे काढून घेतले माझ्या मुलाने. तो आसनगावला फ्लॅटमध्ये राहतो, लोकलने कामाला जातो, आणि त्याच्याकडे नवी गाडी आहे. तिला गिअरही स्वतः टाकावे लागत नाहीत आणि हँडब्रेकच्या जागी एक बटण आहे. प्रवचन संपल्यावर त्याच्या मोबाइलची बॅटरी उतरली. तो विहारातून तसाच अनवाणी बाहेर आला, माझ्या गाडीत बसला आणि फोन चार्जिंगला लावला. माझ्या गाडीत किल्ली फिरवल्याशिवाय चार्जर चालू होत नाही, म्हणून त्याने गाडीलाच राहिलेली किल्ली फिरवली. आणि किल्ली फिरवण्यापूर्वी गाडी न्यूट्रल करावी, हा धडा त्याला याच गाडीवर मिळालेला असल्यामुळे त्याने आधी ती न्यूट्रल केली.

दगड चुलीत होता. गिअर निघाला. गाडी निघाली.

वेग फारसा नव्हता. बायका ओरडल्या, पंगतीतले लोक उठले, आणि गाडी संथपणे, एखाद्या पाहुण्यासारखी मांडवात शिरली, प्लास्टिकच्या खुर्च्यांची थप्पी कोसळवून आणि पाण्याचे पिंप लवंडून थांबली. कोणालाही खरचटले नाही. मुलगा बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि पँट पिंपातल्या पाण्याने भिजली होती. कोणीतरी त्यावर नको तो विनोद केला. मला वाटते, तो विनोद झाला नसता तर पुढचे काही झाले नसते.

"ब्रेकच नाय लागला!" तो ओरडला. "बाबा, काय करून ठेवलंय तुमी गाडीचं? ब्रेक फेल हाय!"

मी त्या वेळी वाढत होतो. हातात भाताचे ताट होते. मी विचारले, "गाडी सुरू होती?"

"तुमचं काय चाललंय? लोकं मेली आस्ती!"

"मी विचारतो आहे, इंजिन सुरू होते?"

"विषय तो नाय!" तो म्हणाला आणि किल्ली खिशात घातली. "बस झालं. ही गाडी विकायची. तुमी आता नाय चालवायची."

विषय तोच होता. परंतु साऱ्या गावासमोर, भिजलेल्या पँटीत उभ्या असलेल्या मुलाशी मी वाद घातला नाही. ही माझी माघार होती असे समजणारे मला ओळखत नाहीत. मी ताट ठेवले, पिंप उभे केले, आणि खुर्च्या लावू लागलो.

पुढच्या आठवड्यांत कथा वाढत गेली. कोणी म्हणाले, पॅड उलटे बसवले होते. कोणी म्हणाले, म्हाताऱ्याने ब्रेक ऑइलच्या जागी गोडे तेल घातले. सर्वांत दुःखद म्हणजे, मुरबाडहून मेहुण्याने फोनवर पत्नीला सांगितले, "ताई, दाजींनी पिस्टन दाबला आसंल. फिरवायचा आस्तो तो." ज्याने मला दाबायला सांगितले, तो मला फिरवायला शिकवत होता! पत्नीने फोन माझ्याकडे दिला. मी तो तिला परत दिला. काही गोष्टी समोरासमोर बोलाव्या लागतात.

त्या काळात मी पायी हिंडलो, रिक्षाने हिंडलो, आणि एकदा पत्नीला माहेरी जायचे होते तेव्हा दोन वाहने बदलून तिला घेऊन गेलो. सरळगावच्या फाट्यावर उन्हात थांबलो असताना ती म्हणाली, "त्याला एक शब्द बोला ना. मुलगा हाय तुमचा." मी म्हणालो, "एक शब्द बोलणारच आहे. योग्य माणूस समोर असताना बोलेन."

योग्य माणूस म्हणजे मेहुणा. मुलाने गाडीला गिऱ्हाईक पाहिले होते आणि विकण्यापूर्वी तिचे ब्रेक ठीक करून द्यायला मामाला बोलावले होते. एका रविवारी दोघे आमच्या अंगणात आले. मेहुण्याने हत्यारांची पेटी उघडली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "बघू या दाजी, काय केलंय ते."

"बघ," मी म्हणालो. "परंतु चाक काढण्याआधी याला एक प्रश्न विचार. तू विचार, मी विचारणार नाही. पेडल कडक झाले होते की मऊ?"

मेहुण्याचा हात पेटीतच थांबला.

मुलगा म्हणाला, "काय फरक पडतो, कडक नि मऊ?"

"सांग तर रे," मामा म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "पाय मारला तवा काय झालं? पेडल खाली गेलं?"

"खाली कुठं जातंय! दगडावर पाय मारल्यासारकं. दाबलंच जात नव्हतं. माझा अंगठा सुजला होता दोन दिवस, अनवाणी होतो मी. आणि तुमी लोकं म्हणता—"

तो थांबला, कारण मेहुणा उठून उभा राहिला होता.

वाचकांपैकी ज्यांना यातले मर्म ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ब्रेक चुकीचा बसवला, ऑइल गळले, हवा शिरली, पेडल मारायला विसरले, यांपैकी काहीही झाले तर पेडल मऊ होते आणि पायाखाली तळाला जाते. पेडल दगडासारखे कडक होते ते इंजिन बंद असल्यावर. इंजिन चालू असताना त्याच्या ओढीने पायाला मदत मिळते. ते बंद झाले की साठलेली ओढ जुन्या गाडीत हळूहळू निघून जाते, आणि मग सारा जोर माणसाने स्वतःच्या पायाने द्यायचा असतो. ब्रेक तेव्हाही लागतो, पण दोन्ही पाय रोवून दाबावे लागते. मुलाने नव्या गाडीच्या सवयीने हलका पाय ठेवला, पेडल हलले नाही, आणि तो म्हणाला की ब्रेक नाही. ब्रेक होता. त्याने दाबला नव्हता.

मेहुणा गाडीत बसला. इंजिन बंद ठेवून पेडल दाबत राहिला, ते कडक झाल्यावर भाच्याला बसवले. "आता दाब." मुलाने दाबले. "हेच," तो म्हणाला, "हेच झालं होतं." मामाने किल्ली फिरवायला सांगितली. इंजिन सुरू झाले आणि त्याच्या पायाखाली पेडल अलगद खाली उतरले, जसे कोणत्याही निरोगी गाडीत उतरते. मुलाने पायाकडे पाहिले.

"तरी चाक काढ," मी मेहुण्याला म्हणालो.

"कशाला दाजी आता."

"काढ. पिस्टन दाबला की फिरवला, तेही पाहून घे. तू फोनवर काय सांगितले होतेस, ते मी विसरलेलो नाही."

"मी काय सांगितलं?" तो म्हणाला.

"सी-क्लॅम्प लावायचा नि दाबायचा. नाय गेला तर आणखी दाबायचा."

"मी पुढच्या चाकाचं बोलत होतो, दाजी."

"'मागचे हायत, दाजी' असे कोण म्हणाले?"

ओट्यावरून पत्नी म्हणाली, "फोन स्पीकरवर होता रे. मी पण ऐकलं."

त्याने चाक काढले. हँडब्रेक ओढून थाळी हाताने फिरवायचा प्रयत्न केला, ती हलली नाही. सोडून पाहिला, ती मोकळी फिरली. पिनांवरचे ग्रीस बोटाने पाहिले. मग चाक परत बसवताना म्हणाला, "मी बी याच्याहून चांगलं काय केलं नस्तं." हे वाक्य त्याने पुढे मुरबाडला कोणाला सांगितले नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच येथे लिहिले.

आता किल्ली परत मिळायला हवी होती. मी हात पुढे केला. मुलाने ती दिली नाही.

"बाबा," तो म्हणाला, "ब्रेकचं सोडा."

"सोडू कसे? ब्रेकमुळेच तू ती घेतलीस."

"तुमचं वय बघा ना जरा. मला टेन्शन येतं. त्या दिवशी मी होतो आत, उद्या तुमी असाल, आई आसंल. फोन वाजला की पहिलं तेच येतं डोक्यात. ट्रेनमध्ये आस्तो मी, येणार कसा?"

हे ऐकून मला राग आला, आणि त्याबरोबर एक प्रकारे बरेही वाटले. राग यासाठी की एवढे आठवडे जी गोष्ट त्याच्या मनात होती, ती त्याने ब्रेकच्या माथी मारली होती. मी म्हणालो, "मग वय म्हण. वय आहेच, ते मी नाकारणार नाही, आणि त्याला मी उत्तर देऊ शकतो. डोळे तपासून घे माझे, हवे तर शेजारी बसून मुरबाडपर्यंत चल. परंतु मी नीट बसवलेल्या ब्रेकला खोटे पाडून माझी किल्ली घ्यायची नाही. खोट्याशी मी भांडत बसेन. खऱ्याशी बोलायला तयार आहे."

पत्नी ओट्यावरून उतरली. "दोघं पण तोंडं बघा कशी केलीत," ती म्हणाली. "भात निवतोय." मग मुलाकडे वळून, "आणि तू गो बाई, डोळे तपासायला कधी नेतोस ते सांग. नुस्तं टेन्शन टेन्शन नको." मुलाला ती चिडवताना असेच म्हणते.

नेले त्याने. डॉक्टरने चष्म्याचा नंबर बदलून दिला आणि गाडी चालवायला हरकत नाही असे सांगितले. त्याच दिवशी, शहापूरच्या स्टँडजवळ, मुलाने खिशातून किल्ली काढून माझ्या हातात ठेवली आणि स्वतः शेजारच्या सीटवर बसला. सापगावच्या पुलापर्यंत त्याचा उजवा पाय जमिनीवर दाबला जात होता, जणू तिकडेही एक पेडल आहे. पुलानंतर तो मोबाइल पाहू लागला.

गिऱ्हाईकाला त्याने काय कळवले ते मी विचारले नाही. गाडी माझ्या अंगणात आहे आणि मी ती चालवतो. अलीकडे मात्र तो नातेवाइकांत सांगत असतो की, "बाबांना मी एका अटीवर किल्ली दिली, अंधार पडल्यावर गाडी बाहेर काढायची नाही." हेही खरे नाही. अंधारात मी गाडी पूर्वीपासूनच काढत नाही, कारण समोरचे लोक दिवे खाली करत नाहीत. ही त्याची अट नव्हे, माझी सवय आहे, आणि ती कोणाच्या सांगण्यावरून मी लावलेली नाही. एवढे एक त्याने दुरुस्त करून घ्यावे.